शाबूत कान

तिरडीचा बांबू विश्वेशच्या खांद्यावर आदळला तेव्हा त्याची बायको इरावती पंधरा पावलं मागे होती. कडेवर लेक ऋता, हातात मटारची पिशवी. बनारसच्या रामघाटाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने ओट्यावर चढायचं असतं, आणि 'राम नाम सत्य है' असं आलं की सगळ्यांनीच. ती चढली, पेरूवाला टोपलीसकट चढला, एक गाय कुणाच्या तरी दारात निम्मी शिरली. विश्वेशनेही ऐकलं असावं, कारण तो थांबला. थांबला तो मात्र उजवीकडच्या बोळाच्या तोंडाशी, हात मागे बांधून, त्या रिकाम्या बोळाकडे अदबीने बघत, जणू तिरडी तिथूनच यायची होती. आणि ती येत होती त्याच्या पाठीमागून. सहा जणांचा गजर त्याच्या मानेवर आला तरी तो बोळाकडेच बघत राहिला. मग बांबू लागला. तिरडी एका अंगाला कलली, झेंडूची माळ घसरली, आणि पुढचा खांदेकरी भडकला, "ए भइया! बहिर हउवा का? मुर्दा के भी रस्ता ना देबा?" विश्वेशने हात जोडले, भिंतीला चिकटला. "गलती हो गई भइया, माफ करना," तो म्हणाला, आणि ते इतक्या मोठ्याने, की पेरूवाला हसला.

"ऐकू आलं होतं मला," घरच्या पायऱ्या चढताना तो आपणहून म्हणाला. "त्या बोळातून येतेय असं वाटलं. या गल्ल्यांत आवाज घुमतो." इरावती हं म्हणाली. गल्ल्यांत आवाज घुमतो हे खरंच होतं. पण रामघाटावर जन्मलेल्या माणसाला, आंधळी कोशिंबीर याच बोळांत खेळलेल्या माणसाला, तो कुठून घुमतो ते कळत नाही? गल्ली होती तशीच होती. सहा वर्षं ती इस्पितळात कान तपासायचं मशीन चालवत होती. दोन कान म्हणजे तराजूची दोन पारडी, एक वर गेलं की दिशा जाते, हे ती रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगायची. कान चोंदलेल्या म्हाताऱ्यांना, मागांवरच्या बुनकरांना, लग्नात ढोल वाजवणाऱ्यांना. सगळ्या बनारसचे कान तिने कागदावर उतरवले होते. फक्त आपल्या घरातले दोन राहिले होते, आणि ते दर वर्षी साठ दिवसांच्या रजेवर येत, मटार सोलत, पतंग उडवत, आणि परत तोफेपाशी जात.

तो तोफखान्यात हवालदार होता, एका तोफेचा नंबर एक. म्हणजे त्या तोफेवरच्या सात जवानांचा म्होरक्या. फोनवरून हुकूम घ्यायचा आणि त्यांना ओरडून द्यायचा. आता नऊ दिवस उरले होते रजेचे, आणि परत गेल्या गेल्या वाळवंटात महिनाभराचं फायरिंग. मागच्या रजेत तिने त्याच्या कानांचे साचे घेतले होते, इस्पितळात श्रवणयंत्रासाठी घेतात तसे; गुलाबी लगदा कानात भरून, तो घट्ट होईपर्यंत त्याला बोलू न देता. त्यावरून तिने भरीव बुचं करून घेतली, जर्द्याच्या रिकाम्या डबीत घालून त्याच्या ट्रंकेत ठेवली. या रजेत ट्रंक उघडली तर डबी तिथेच, कापडाच्या त्याच घडीत. "कापूस घालतो की आम्ही," तो म्हणाला होता. कापूस! कोरडा कापूस म्हणजे धुक्याची भिंत. तिने सांगून पाहिलं, कागदावर रेघा मारून दाखवलं. तो म्हणे, "तू कधी फोनवरून आकडे घेतलेस का फायरिंगमधे? एक आकडा चुकला तर गोळा गावात पडतो, इरा. बूच घालून बसू? आणि पोरं काय म्हणतील? उस्तादने कानात डाट लावलाय, भाभींना विचारून!" डॉक्टर तपासत नाहीत का, म्हटलं तर हसायचा. दर वर्षी तपासतात. सहा मीटरवर पाठ करून उभं करायचं, मागून कुजबुजायचं, ते आपण म्हणायचं. पण कुजबुजणारा वर्षानुवर्षं तोच, आणि त्याचे आकडेही तेच. अख्ख्या रेजिमेंटला पाठ. कान गेलेत असं कागदावर आलं की मेडिकल कॅटेगरी खाली, नायब सुभेदारी गेली, तोफ गेली, आणि उरलं स्टोअरमधे ब्लँकेटं मोजणं. यावर ती इतकंच म्हणायची, की तुमच्या लेकीचं बोलणं आता सुरू होईल.

ऋता सव्वा वर्षाची. स, श, त, थ यांतच सध्या तिचा मुक्काम होता. थोथो म्हणजे फूल, तितीत म्हणजे कबूतर. नेमकी हीच अक्षरं कानातून पहिली गळतात. विश्वेश तिला मांडीवर घेऊन "काय म्हणतेस? मोठ्याने बोल, फौजी की बेटी!" असं ओरडायचा, आणि पोरगी दचकून आईकडे बघायची. ते बघणं इरावतीला ओळखीचं होतं. भुसावळला लोको शेडमधे तिचे बाबा बॉयलरवर रिव्हेट मारायचे. घरात त्यांचा आवाज कायम चढलेला. मीठ वाढ, दार लाव, सगळं दरडावून. ती आणि तिची भावंडं ते आले की भिंतीला लागून बसायची. बाबा रागीट आहेत हे घरात नळाला पाणी सकाळी येतं तसं सगळ्यांना ठाऊक होतं. कॉलेजात पहिल्यांदा ते मशीन हाताळायला मिळालं तेव्हा गंमत म्हणून तिने त्यांना बसवलं, आणि कागदावरची रेघ खाली खाली उतरत गेली तशी तिने मशीनच्या वायरी दोनदा तपासल्या. रागीट नव्हतेच ते कधी. वीस वर्षं ती एका बहिऱ्या माणसाला घाबरत होती. ते कुणाला सांगायचं? आई म्हणाली, "असेल बाई," आणि पोळी उलटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर नेहमीसारखा नानांचा पाठ चालू होता. नाना म्हणजे सासरे, ढुंढिराजशास्त्री, चौऱ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी विश्वेशला आठव्या वर्षापासून यजुर्वेद दिला होता, आणि अठराव्या वर्षी पोरगा कँटोन्मेंटात भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला. त्यांनी दोन वर्षं अबोला धरला. मग तह झाला तो असा: रजेवर आलास की स्नान करून समोर बसायचं, मी कुठूनही मंत्र उचलीन, तू पुढे न्यायचा. आज नाना प्रसन्न होते. कालची तिरडीची हकिकत त्यांच्या कानावर गेली होती आणि त्यांनी ती झटकून टाकली होती. "मुली, याच्या कानांना काही झालेलं नाही. एक स्वर चुकत नाही अजून! बहिऱ्याला वेद म्हणता येईल काय?" त्यांचा उजवा हात गुडघ्यावरून वर जात होता, छातीशी येत होता, डावीकडे झुकत होता, खाली येत होता. त्यांच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात. हात आणि गळा एकाच वेळी. इरावती ऋताला उन्हात तेल लावत बसली होती, आणि तिचं लक्ष विश्वेशच्या डोळ्यांकडे गेलं. ते नानांच्या हातावरून हलत नव्हते. हातावरून ओठांवर, ओठांवरून हातावर. इस्पितळात नवऱ्यासमोर बसून 'सुनाई देता है, सब सुनाई देता है' म्हणणाऱ्या बायकांचे डोळे असेच असतात. नाना मंत्र देत होते आणि हा तो बघत होता.

तिने करू नये ते केलं. त्याच्या पुढच्या सकाळी, ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून, दोघांच्या चटया तिने फिरवून ठेवल्या. उन्हाकडे पाठ, विश्वेश पुढे, नाना त्याच्या मागे दोन हातांवर. थंडीच्या दिवसांत अख्खं बनारस उन्हाकडे पाठ करून बसतं, त्यात वावगं काय? नानांनी मंत्र उचलला. आजूबाजूच्या गच्च्यांवर पोरं पतंगांवर तुटून पडली होती, भाऽऽक्काटा! नाना थांबले, वाट बघितली, परत म्हणाले. विश्वेशची पाठ ताठ झाली. त्याच्या मानेची शीर इरावतीला दिसत होती. तिसऱ्यांदा नाना जरा पुढे झुकून म्हणाले, तेव्हा त्याने भलताच मंत्र धरला, दोन पदं म्हटली, आणि थांबला. "विसरलो, नाना," तो म्हणाला.

"विसरलास?"

"सुटलं. सराव नाही."

नानांनी उपरणं सावरलं. "दहा वर्षं दिलेलं," ते म्हणाले, "तोफा डागता डागता सुटलं," आणि हळूहळू उठून खाली गेले. इरावतीने तेलाची वाटी खाली ठेवली. ऐकू येत नाही एवढे तीन शब्द म्हणायचे सोडून याने बापाला हे ऐकवलं! वेद विसरलो म्हणणं सोपं गेलं याला. आणि ते म्हणायला लावलं कुणी? चटया कुणी फिरवल्या?

"झालं समाधान?" तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "आता खाली जाऊन सांग त्यांना. मशीनही आण. घरातच दवाखाना मांड."

"तुम्हीच सांगा. विसरला नाहीत, ऐकू आलं नाही, म्हणून सांगा."

"हळू बोल."

"हळू बोलले तर कळतं तुम्हाला?" तिच्या तोंडून गेलं. ऋता तेलकट पायांनी चटईवर उभी राहायला बघत होती, पडत होती, परत उभी राहत होती, आणि दोघांपैकी कुणीही तिला धरलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "फायरिंग झालं की शंख वाजतो कानात. पूर्वी तीन दिवस वाजायचा. आता थांबत नाही." हे तो इतक्या साध्या आवाजात म्हणाला की तिला रागावताही येईना. दोन वर्षं ती ज्या वाक्याची वाट बघत होती ते आलं, आणि आता त्याचं करायचं काय ते तिला सुचेना. "अजून पुष्कळ शिल्लक आहे तुमचं," ती म्हणाली. "तेवढं वाचवू. बुचं घाला. घालून हुकूम ऐकू येतात, उलट गोंगाटात जास्त नीट येतात. मोठा आवाज कापला जातो ना. पुस्तकात आहे."

"पुस्तकात तोफ असते का?"

"तोफ नाही. पण मी दाखवते चला."

तोफ नव्हती, यंत्रमाग होते. अलईपुरात यासीनमियाँचे सोळा माग एका पत्र्याच्या शेडमधे चालायचे. यासीनमियाँ तिचा जुना पेशंट, कान निम्मे गेलेले, हसू पूर्ण शाबूत. "आओ बिटिया! ई दामाद हैं? फौज में?" तो दारातच ओरडला, आणि मग आत शिरल्यावर ओरडण्याचाही उपयोग संपला. खटखटखटखट असा तो आवाज दाढांतून, छातीच्या पिंजऱ्यातून जात होता. कारागीर एकमेकांशी बोटांनी बोलत होते. दोन बोटं म्हणजे धागा तुटला, मूठ म्हणजे माग थांबव. ऋताला तिने शेजारच्या अंगणात मियाँच्या सुनेपाशी ठेवलं होतं. आधी तिने स्वतःच्या कानांत स्वतःची बुचं घातली, कान वर आणि मागे ओढून, फिरवत. आणि काय सांगावं! खटखट दूर गेली, नदीपार गेल्यासारखी, आणि तिच्यामागून यासीनमियाँ "बिटिया, चाय पियोगी?" म्हणाला ते तिला शब्दन् शब्द कळलं. ती लहान मुलीसारखी खूश झाली. सहा वर्षं पुस्तकातलं हे वाक्य ती लोकांना सांगत होती आणि आज पहिल्यांदा कानांनी तपासत होती. तिने डबी उघडली, विश्वेशच्या कानांत त्याची बुचं बसवली. त्याला पाठमोरा उभा केला आणि फायरिंगच्या हुकमांसारखे आकडे म्हणायला लागली. तीन सात दोन. तो हलला नाही. तिने आवाज चढवला. तीन. सात. दोन. त्याने वळून नाही अशी मान हलवली. ती म्हणाली, परत. परत तेच. ती ओरडली, घशाला कोरड पडेपर्यंत; शेवटी त्याने एक बूच काढलं, तिच्या तळव्यावर ठेवलं, आणि ओरडला, "काढल्यावर निदान काहीतरी येतं! घातल्यावर काहीच नाही!"

ती बाहेर येऊन अंगणातल्या खाटेवर बसली. पुस्तकातलं खोटं नव्हतं. पुस्तकातल्या माणसाचे कान चांगले होते, एवढंच. मोठा आवाज कापला की बोलणं उघडं पडतं, पण ते ज्याला मुळात पकडता येतं त्याला. याच्या कानांतून बारीक आवाज आधीच गळलेले. उरलेल्यावर बूच बसलं की आवाजही गेला आणि बोलणंही गेलं. तो खरं सांगत होता. दोन वर्षं तो तिला सरळ सरळ खरं सांगत होता, आणि ती त्याला हट्टी म्हणत होती, कागदावर रेघा मारत होती. कान वाचवणारी बाई! हे तिला कळायला हवं होतं, तिचं कामच ते होतं. आणि कळलं असतं तरी काय, बुचं त्याच्या कानांत जायला हवी होती बारा वर्षांपूर्वी, भरती झाला तेव्हा, पहिल्या गोळ्याच्या आधी. तेव्हा ती भुसावळला बारावीत होती. तेव्हा द्यायची होती ती कुणी दिली नव्हती. कुणावर ओरडायचं? यासीनमियाँच्या सुनेने चहा आणून दिला. ऋता कोंबडीमागे रांगत होती.

विश्वेश येऊन शेजारी बसला. कपातल्या चहाकडे बघत म्हणाला, "तुला ऐकू येत होतं? खरं सांग, पुस्तकातलं नको."

"येत होतं."

"माझ्याहून चांगलं?"

"बुचांशिवाय येतं त्याहून चांगलं."

"म्हणजे ज्याचे कान शाबूत, त्याला चालतं हे." तो थांबला. "माझ्या तोफेवर सात जण आहेत, इरा. चौघांची नोकरी तीन वर्षांच्या आत. मागच्या फायरिंगनंतर एक जण सकाळी म्हणतो, उस्ताद, पक्षी गेले कुठे? मी म्हटलं, वाळवंटात पक्षी असतात कुठे, गप काम कर." त्याने चहा तसाच खाली ठेवला. "असतात. पुष्कळ असतात. सात जोड्या होतील? नऊ दिवसांत?"

तिला हसू आलं आणि रडूही. "साचा घ्यायला कान इथे लागतात हो. कान तिकडे आहेत."

त्याने डोकं धरलं. मग तीच म्हणाली, मेण आणि व्हॅसलीन एकत्र वितळवून त्यात कापूस चांगला मळला तर निम्म्याहून जास्त काम होतं. बुचाइतकं नाही, कोरड्या कापसापेक्षा कितीतरी. पण ते रोज घातलं पाहिजे, प्रत्येक गोळ्याला, प्रत्येकाने. "घालतील," तो म्हणाला. "मी उभा असलो तर. नंबर एकने दम दिला की घालतील, आणि हसणाऱ्याला मी बघून घेईन." हे म्हणताना त्याचा चेहरा उजळला, आणि त्याच क्षणी तिच्या लक्षात आलं आपण कशात अडकलो ते. कान तपासल्याचा कागद दिला तर तो तोफेवर नाही. तो तोफेवर नाही तर दम द्यायला कुणी नाही. आणि तोफेवर राहिला तर महिनाभर, उघड्या कानांनी, कारण हुकूम तर कुणीतरी ऐकायलाच हवा.

"हे एक फायरिंग," तो म्हणाला. "सवय लावतो पोरांना. दुसऱ्या नंबरला तयार करतो. मग देतो कागद."

"आणि तोवर तुमचं उरलेलं?"

त्याने गार झालेला चहा उचलून संपवला. ऐकू आलं नसेल असं तिने क्षणभर मानून घेतलं.

संक्रांतीच्या दुपारी स्वयंपाकघरात मेण वितळलं. नाना येऊन दारात उभे राहिले, काय चाललंय म्हणाले. विश्वेश कापूस मळता मळता मान वर न करता म्हणाला, "नाना, मी विसरलो नव्हतो. मला ऐकू आलं नाही." नाना आत आले, पाटावर बसले, आणि कापसाचा एक पेळू उचलून वाती वळायच्या सवयीने वळू लागले. "एवढा जाड चालेल काय?" त्यांनी इरावतीला विचारलं. ती प्रत्येक गोळी स्वतःच्या कानात घालून बघत होती. विश्वेश मागे पातेल्यावर डाव वाजवत होता. "येतंय अजून," ती म्हणायची. "परत मळा." सासऱ्याला, नवऱ्याला, दोघांनाही. इतकी कडक ती घरात कधी झाली नव्हती.

निघायच्या आदल्या सकाळी तो इस्पितळात आला. जुन्या स्टोअरच्या भिंतींना गोधड्या ठोकून केलेल्या तिच्या खोलीत बसला, कानांवर मशीनचे गोळे चढवले, डोळे मिटून घेतले. न सांगता मिटले. तिने बटण दाबत नेलं आणि कागदावर खुणा करत गेली. जाडे आवाज ठीक. मग रेघ घसरली, डाव्या कानाची तर पार तळाला. एका ठिकाणी तिने आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि त्याचं बोट उठण्याची वाट बघत राहिली, नियमाहून जास्त वेळ. बोट उठलं नाही. तिने खूण केली. नाव लिहिलं, वय तीस, हुद्दा, खाली सही केली, आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तारीख राहिली," तो म्हणाला.

"मुद्दाम सोडलीय. फायरिंग संपलं की तुम्ही घाला आणि डॉक्टरांना द्या."

"आणि नाही दिला तर?"

तिने पेनाला टोपण लावलं. सहा वर्षांत तारखेशिवाय एकही कागद तिने हातावेगळा केला नव्हता. चपराशीसुद्धा तिला त्यावरून चिडवायचा. कागदावर एक आकडा खोटा नव्हता आणि तरी तो कागद, तिच्या सहीचा, तारखेवाचून आज काहीच सांगत नव्हता. त्याने घडी घातली, वरच्या खिशात ठेवली, खिशाचं बटण लावलं. दारात जरा घुटमळला. मग फौजी चालीने, हात मागे बांधून, लांब व्हरांड्यातून गेला. तिने पाठीमागून हाक मारली नाही. मशीनचा काटा शून्यावर आणला आणि बाहेर बघून "अगला!" म्हणाली. इतक्या मोठ्याने म्हणाली, की बाकावर बसलेले पाचही जण एकदम उठून उभे राहिले.